चोपन्न पायऱ्यांचं माप

६ जानेवारी

इस्पितळाने मला एक वही दिली आहे. तीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या: तारीख, छातीत किती वेळा दुखलं, आणि जिभेखाली किती गोळ्या ठेवल्या. मत लिहायला रकाना नाही. एकोणतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाने मत कुठे लिहायचं, मग? म्हणून ही दुसरी वही मी स्वतःची घेतली. ही कोणी वाचायची नाही. हिनेसुद्धा. ही म्हणजे बायको. ती चोरून वाचेल असा दाट संशय आहे, म्हणून तिच्याबद्दल चांगलंच लिहीन.

प्रकृतीची नोंद: दोनदा बायपास, चार स्टेंट, रोज अकरा गोळ्या. तरी जिना चढताना छातीवर कोणी पोतं टाकावं तसं दुखतं. डॉक्टर म्हणाले, "आता आत हात घालायला जागाच उरली नाही." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पायऱ्या चोपन्न. प्रत्येकीची उंची सतरा सेंटिमीटर, फक्त एकतिसावी अठरा भरते. मी घरमालकाला तसं लेखी कळवलं होतं, उत्तर आलं नाही.

लेकीचा फोन आला होता. तिच्या शेजारच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या ऑगस्टअखेर रिकाम्या होतायत. "बाबा, तिथे एक पायरी नाही हो." एक पायरी नाही ते घर की गोदाम? तेहतीस वर्षं मी या खिडकीतून खालचा बाजार बघतोय. अजूनही वरून नुसतं खाकरलो तरी कांदेवाल्याचा अंगठा तराजूवरून बाजूला होतो. त्या दोन खोल्यांच्या खिडकीतून म्हणे अंगण दिसतं. अंगणात तपासण्यासारखं काय असतं?

शेवटी तह झाला. इस्पितळात नवा प्रयोग आहे, त्यातला माझा भाग ऑगस्टात संपेल. तोवर मला न थांबता चोपन्न पायऱ्या चढता आल्या तर इथेच राहायचं. नाही आल्या तर लेकीकडे. बायको म्हणाली, "बरं." ती सगळ्याला बरं म्हणते, त्यामुळे तिच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग नाही.

९ जानेवारी

संमतीचा फॉर्म एकतीस पानांचा. तो भरून घेणाऱ्या बाईंना मी मनात फॉर्मबाई म्हणतो. वयाने लेकीएवढ्या, पण पेन हातात आलं की हेडमास्तरीण.

त्यांनी समजावलं ते असं. एक जनुक असतं, ते शरीराला नव्या रक्तवाहिन्या काढायला सांगतं. ते जनुक एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवायचं आणि इंजेक्शनने थेट हृदयाच्या स्नायूत सोडायचं. मग तिथे नव्या बारीक वाहिन्या फुटतील आणि रक्त आडवाटेने पोचेल. निदान तशी आशा आहे. आशा खरी की खोटी ते बघायलाच हा प्रयोग.

"म्हणजे हृदयाला मोड येणार?" बायकोने विचारलं. "बटाट्याला येतात तसे?"

"साधारण तसंच, काकू."

"आणि विषाणू कसला? सर्दीचा असेल तर यांना रुमाल जास्त लागतील, आत्ताच सांगा."

खरी मेख एकोणिसाव्या पानावर होती. निम्म्या लोकांना जनुक मिळणार, निम्म्यांना नुसतं मीठपाणी. कोणाला काय मिळालं ते रोग्याला कळणार नाही, डॉक्टरांना नाही, फॉर्मबाईंनाही नाही. वर ताकीद: मीठपाणी मिळालेल्यांनाही पुष्कळदा बरं वाटू लागतं, कारण मनाचे खेळ. म्हणजे बरं वाटलं म्हणून बरं झालो असं समजायचं नाही. हे वाक्य मी दोनदा वाचून खाली रेघ मारली. वाटण्यावर जाऊ नका, मापावर जा, हे मी आयुष्यभर दुकानदारांना सांगत आलो.

निघताना डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, सांभाळा म्हणाले."

१७ जानेवारी

प्रयोगात घेण्याआधी ट्रेडमिलवर दोनदा चालवतात. दुखायला लागलं की थांबायचं. दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे आले तरच प्रवेश. पहिल्या दिवशी चार मिनिटं दहा सेकंद. आज मला चेव आला होता, पण हिने दारातून डोळे वटारले. "जास्त चालाल तर निरोगी म्हणून हाकलतील!" चार मिनिटं वीस सेकंदांना आपोआपच दुखलं. आयुष्यात प्रथमच दुखल्याचा आनंद झाला.

वहीवरून मात्र फॉर्मबाईंशी वाजलं. मी मंगळवारी लिहिलं होतं: दुखणी अडीच.

"काका, पूर्ण आकडा लिहा."

"तिसरं दुखणं अर्ध्यावर थांबलं. त्याला तीन कसं म्हणू?"

"तीनच म्हणायचं."

"म्हणजे वर ढकलायचं. दुकानदार हेच करतात."

त्यांनी तीन लिहून घेतलं. मी सही करताना शेजारी छोटा अर्धा काढला.

बाकावर सात नंबरचे गृहस्थ भेटले. (मी आठ नंबर.) निवृत्त पोहण्याचे शिक्षक, आवाज अजून तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. गळ्यात स्टॉपवॉच, सवयीने. म्हणाले, "जनुक मलाच मिळणार, माझं नशीब दांडगं आहे." नशीब दांडगं असतं तर माणूस या बाकावर कशाला आला असता?

२ फेब्रुवारी

झालं. मांडीतून नळी घालून थेट हृदयापर्यंत. मी जागा होतो. सिरिंज काळ्या कागदात गुंडाळलेली, आत काय ते दिसू नये म्हणून. आयुष्यात मी झाकलेलं माप कधी मान्य केलं नाही, आणि आज ते थेट काळजात घेतलं.

"एका टोचणीत किती मिलिलिटर?" मी विचारलं.

"काका, बोलू नका, हृदय हलतं," डॉक्टर म्हणाले.

पंधरा टोचण्या. मी मोजल्या. बाहेर आलो तेव्हा ही बाकावर बसली होती आणि तिची पर्स उलटी धरल्यामुळे सगळं जमिनीवर सांडलं होतं. तिच्या ते लक्षातच नव्हतं.

७ फेब्रुवारी

घरी आलो. चोपन्न पायऱ्या, तीन थांबे, एक गोळी, सात मिनिटं पन्नास सेकंद.

इस्पितळ तीन महिन्यांतून एकदा मोजणार. असं कुठे माप असतं? मी घरची पद्धत बसवली आहे. रोज तीन चढाया: सकाळी पेपर आणायला, दुपारी बाजार, संध्याकाळी फेरफटका. तिन्हींची सरासरी. फॉर्मबाई फोनवर म्हणाल्या, चालणं चांगलंच, दुखलं की थांबा.

नियम: (१) दुकानदार स्वतःच्या वजनावर स्वतः शिक्का मारत नाही, तसं मी स्वतःची वेळ स्वतः घेणार नाही. स्टॉपवॉच बायकोकडे. (२) तिने मागून यायचं. पुढे असली तर तिच्या चालीने मी चालेन आणि माप बिघडेल. (३) ऐकीव पुरावा चालणार नाही. मी वरून "पोचलो" ओरडलो म्हणून बटण दाबायचं नाही. दारातल्या पायपुसण्यावर माझे दोन्ही पाय तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की मगच दाबायचं. ते शेवटच्या वळणावरून दिसतात. (४) माझ्या हातात काहीही नको. रोज वजन तेच हवं: मी, सदरा, विजार, चपला, किल्ली. वजन बदललं की माप गेलं.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "रोज तीनदा?"

"विज्ञानासाठी," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

११ मार्च

सरासरी सहा मिनिटं पाच सेकंद! एकच थांबा. दुखणी दिवसाला पाचावरून तीनवर. मला वाटतं जनुकच मिळालं. कानावरचे केससुद्धा जोरात वाढतायत. सात नंबरांना फोन केला तर त्यांचेही वाढतायत. आता दोघांनाही जनुक की दोघांनाही कान?

आज हिने कलिंगड घेतलं. दुकानदार पावणेपाच किलो म्हणत होता. मी नुसतं हातात घेऊन सांगितलं, साडेचार. काट्यावर साडेचारच भरलं. बाजारात चार लोकांनी कौतुक केलं. मग नियम चारप्रमाणे कलिंगड तिच्याकडे दिलं आणि चढायला लागलो.

२ एप्रिल

हिच्या स्वभावात फरक पडतोय. पूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंशी नमस्काराइतकंच बोलणं होतं. आता येता-जाता त्यांच्या दारातल्या खुर्चीवर बसून गप्पा मारते. वय झालं की माणूस बोलका होतो म्हणतात. मी वर पायपुसण्यावर दोन्ही पाय जुळवून उभा, आणि खाली यांची संमेलनं.

आणखी एक. उठता-बसता हिला आईची आठवण येते. खुर्चीतून उठताना "आई गं", मोरीत वाकताना "आई गं". सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. माया असावी तर अशी.

आजची सरासरी: सहा मिनिटं चाळीस सेकंद. वाढली. नीट बघितलं, तरी तेवढीच.

५ मे

तीन महिन्यांची तपासणी. ट्रेडमिलवर सहा मिनिटं तीस सेकंद. फॉर्मबाईंनी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली, त्यांना टाळी वाजवायची परवानगी नसावी.

मला काही आनंद झाला नाही. घरची सरासरी सात मिनिटं वीस सेकंदांवर गेली आहे. मनाला विचाराल तर मी हल्ली न थांबता भरभर वर येतो, छातीत फारसं दुखत नाही, आणि वर पोचून बराच वेळ उभा असतो. पण हे सगळं वाटणं. एकोणिसावं पान हेच तर सांगतं. स्टॉपवॉच मी स्वतः रेडिओच्या ठोक्यांशी ताडून पाहिलं आहे, चोवीस तासांत अर्धा सेकंदही चुकत नाही. तेव्हा चुकतो तो मी. मला मीठपाणी मिळालं आहे, आणि मन मला बनवतंय.

सात नंबर तिथेच होते, तब्येत बरी दिसली. म्हणाले, "मला तर पोहावंसं वाटतंय!" मी त्यांना एकोणिसावं पान वाचून दाखवलं. त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच सदऱ्याच्या आत टाकलं. नंतर वाटलं, उगाच वाचलं.

३ जून

सात मिनिटं पंचावन्न. घरी आलो त्या दिवशी होतो तिथेच परत. चार महिने घाम गाळून बाकी शून्य.

जेवताना मी म्हणालो, "बहुतेक जावंच लागणार लेकीकडे."

हिने ताट बाजूला केलं. "जाऊ की. त्यात काय? जमिनीवर राहू. दारातून बाहेर पाऊल टाकलं की रस्ता."

माझ्यासाठी किती मोठं मन करते! तेहतीस वर्षांचा संसार सोडायला निघाली, आणि चेहऱ्यावर बघा, जणू आनंदच झालाय. मी म्हणालो, "तू माझ्यासाठी एवढा त्याग करू नकोस. मी अजून हरलेलो नाही. उद्यापासून चार चढाया."

ती म्हणाली, "अहो, तीनच पुरेत."

"चार," मी म्हणालो. तिने बरं म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

१९ जून

घरात मलमाचा उग्र वास येतो. विचारलं तर ही म्हणाली, "झुरळांसाठी लावलंय." झुरळं खरंच कमी झाली आहेत.

ही हल्ली जिना आडवी उतरते, खेकड्यासारखी, एका हाताने कठडा धरून. मी म्हटलं, असं कोण उतरतं? म्हणाली, "साडीत पाय अडकतो." मी तिला दोन तऱ्हांनी सरळ उतरून दाखवलं.

१४ जुलै

आठ मिनिटं चाळीस सेकंद. ही आजवरची सर्वात वाईट सरासरी. आणि दुखणी? दिवसाला एक, कधी शून्य. गोळ्यांची बाटली महिनाभर पुरली. मीठपाण्याने मनावर केवढा हा परिणाम! मनाचं एवढं चालतं तर पायांचं का चालत नाही?

खरं लिहितो. मला भीती वाटते. मरणाची नाही, तिची सवय झाली. त्या अंगणवाल्या खोलीत बसून कोणालाही माझ्या खाकरण्याची भीती नसेल, तिची वाटते.

६ ऑगस्ट

सहा महिन्यांची तपासणी. ट्रेडमिलवर आठ मिनिटं पंचावन्न सेकंद, आणि थांबलो तेही पाय दमले म्हणून, छातीसाठी नाही.

मी उतरलो आणि म्हणालो, "तुमचं यंत्र खोटं आहे."

फॉर्मबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, मागच्याच आठवड्यात तपासलंय."

"कोणी तपासलं? शिक्का दाखवा."

त्यांनी शिक्का दाखवला. खरा होता, ते मला लगेच कळतं. मग मी माझी चढायांची वही काढली. पाचशे त्र्याण्णव चढाया, आलेखासकट. बाईंनी पानं उलटली. डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनीही उलटली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे कोण मोजतं?" बाईंनी विचारलं.

"बायको."

"त्या कुठे असतात तेव्हा?"

"मागे. नियम दोन."

ही कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. फॉर्मबाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?" ही म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आणि हात गुडघ्यावरून काढून मांडीवर ठेवला. फॉर्मबाई मला काही सांगणार होत्या, पण हिने मान हलवली आणि त्यांनी पेन पुन्हा उचललं. बायकांचं हे असं बोलणं मला कधी समजत नाही.

येताना बसमध्ये विचार केला. दोन मापं जुळत नाहीत तेव्हा एक खोटं असतं. तिसरं माप लावायचं. हा आमच्या खात्यातला पहिला धडा, आणि मला सुचायला सहा महिने लागले. उद्या सात नंबरांकडून त्यांचं स्टॉपवॉच मागून आणतो.

९ ऑगस्ट

आज सकाळी सात नंबरांचं घड्याळ खिशात घालून चढलो. गुपचूप, म्हणजे साक्षीदारावर परिणाम होऊ नये. पायपुसण्यावर दोन्ही पाय टेकले तसं खिशात बटण दाबलं.

दोन मिनिटं पस्तीस सेकंद.

मी उभा राहिलो. ती यायची वाट बघत राहिलो. शेवटच्या वळणावर ती दिसली तेव्हा तिच्या घड्याळात नऊ मिनिटं दहा सेकंद झाले होते. हातात पेपर, बटाट्यांची पिशवी, दूध. माझे पाय बघितले, बटण दाबलं, हसली.

मला वाटलं, घड्याळच बिघडलं! दुपारी पुन्हा चढलो. दोन मिनिटं चाळीस. पाच मिनिटं उभा राहिलो आणि मग नियम मोडून खाली गेलो, दोन्ही घड्याळं ताडून बघायला म्हणून. अठरा पायऱ्या उतरलो.

ती शिवणकामवाल्या बाईंच्या खुर्चीवर बसली होती. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. दोन्ही गुडघे नारळाएवढे सुजलेले, आणि बाई त्यांना मलम चोळत होत्या. कोणी गप्पा मारत नव्हतं. हिचे डोळे मिटलेले होते आणि खालचा ओठ दातांत धरला होता.

"आणखी एकच मिनिट बसा," बाई तिला म्हणत होत्या. "उभे राहू देत त्यांना तिकडे वर."

मग त्यांनी मला पाहिलं. "या काका," त्या म्हणाल्या. "मार्चपासून रोज तीनदा या इथे बसतात. जूनपासून चारदा. म्हटलं, बघू तुम्हाला कधी पत्ता लागतो ते."

मी तिच्या शेजारची बाजाराची पिशवी घेतली.

१० ऑगस्ट

काल लिहिता आलं नाही पुढे.

रात्री तिला विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाली, "डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, यांना कसली काळजी लागू देऊ नका. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माझे गुडघे मोजत बसला असतात."

"म्हणून रोज चढायचं? नाही म्हणायचं होतंस."

"आणि तुम्ही जिन्यात एकटे कोसळला असतात तर? त्या वळणावरून तुमचे दोन पाय दिसले ना, की माझा जीव भांड्यात पडायचा. घड्याळात किती वाजले ते मी कधी बघितलंच नाही. तुम्हीच वाचायचात."

पाचशे त्र्याण्णव वेळा. आणि त्यातल्या एका खेपेला साडेचार किलोचं कलिंगड. मी ते हातात घेऊन अचूक वजन सांगितलं आणि तिच्या हातात दिलं.

असलं माप कुठल्या दुकानात सापडलं असतं तर मी ते जागच्या जागी जप्त केलं असतं आणि दुकानदाराला चार शब्द सुनावले असते. आज ते चार शब्द स्वतःला सुनावले. मोठ्याने. ती म्हणाली, "हळू, छातीत दुखेल." दुखलं नाही.

१३ ऑगस्ट

आमच्या दोघांच्या जागा बदलल्या आहेत. हिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, गुडघ्यांची झीज जुनी आहे, पण गेल्या सहा महिन्यांत एवढी का वाढली कळत नाही. "काही विशेष श्रम झाले का?" ही म्हणाली, "नाही." मी म्हणालो, "हो," आणि सगळं सांगितलं, नियमांसकट. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावून तिच्याकडे. नंतर कागदावर लिहिलं: जिना बंद.

फॉर्मबाईंना पत्र टाकलं: माझी घरची सर्व मापं रद्द समजावीत, निरीक्षकाने साक्षीदाराची तपासणी केली नव्हती. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, ती मापं तशीही कुठे नोंदवली नव्हती. हे जरा लागलंच. मग मी विचारलं, मला जनुक मिळालं की मीठपाणी, आता तरी सांगा. म्हणाल्या, सगळ्यांचं होईपर्यंत पाकीट उघडत नाहीत, दोन वर्षं तरी.

"पण काका, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

मी पहिल्यांदाच नुसतं हो म्हणालो.

१६ ऑगस्ट

लेकीला फोन केला, खोल्या घे म्हणून. ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. भिंतीला धरत धरत बाहेर आली.

"अहो, पण तुम्ही जिंकलात ना? तह काय ठरला होता? न थांबता चढलात तर राहायचं."

"जिंकलो. मग जिंकणाऱ्याने ठरवायचं. आपण जातोय."

"तुमची खिडकी?"

"कांदेवाला सुधारलाय," मी म्हणालो. सुधारलेला नाही. आजच सकाळी अंगठा पाहिला.

मला हे घर सोडायचं नाही. एकदा इथे लिहून टाकतो, म्हणजे तोंडाने बोलून जायला नको. आता पायऱ्या चढता येतात तर दिवसातून दहादा चढावंसं वाटतं. काल ही झोपली असताना मी उगाचच दोनदा चढलो-उतरलो, कोणी मोजायला नसताना. फार मजा आली. वर येऊन खिडकीशी बसलो आणि थोडा रडलो. मग हिच्यासाठी चहा टाकला.

३० ऑगस्ट

सामान सकाळीच गेलं. जावई गाडी घेऊन खाली थांबला होता. आम्ही दोघं शेवटी निघालो.

हिचा एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या दंडाला. एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा पाय, मग श्वास, मग पुढची पायरी. मी सगळ्या पिशव्या खांद्याला अडकवल्या होत्या. शिवणकामवाल्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हिला मिठी मारली आणि मला म्हणाल्या, "जपा हो." कोणाला जपायचं ते सांगायची गरज नव्हती. तिथून पुढे आम्ही आणखी हळू झालो, कारण हिला रडू येत होतं आणि डोळ्यांत पाणी असताना पायरी दिसत नाही.

पहिल्या मजल्याच्या खाली चष्मेवाला भेटला. त्याचं दुकान तळमजल्यावर आहे, आणि तो वर पाणी भरायला चालला होता. आम्हाला पाहून भिंतीला टेकून उभा राहिला. आम्ही तीन पायऱ्या उतरेपर्यंत उभाच.

"काय काका," तो म्हणाला, "सहा महिने इस्पितळात जाऊनही जिना काही जमेना म्हणायचं? किती धरून आणावं लागतंय बिचाऱ्या काकूंना!"

आकडा माझ्या जिभेवर आला होता, सेकंदांसकट. दंडावरचा हिचा हात ताठ झाला. ती काहीतरी बोलणार, एवढ्यात मी तिचा हात दाबला.

"हो ना," मी म्हणालो, "माझ्यामुळेच वेळ लागतोय. तुम्ही व्हा पुढे."

तो आम्हाला वळसा घालून वर गेला. ही माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही पुढची पायरी उतरलो.